धाकट्याची गिटार

३ मार्च, सोमवार

धाकटा येतोय. कायमचा. अकरा वर्षांनी!

जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मागं जहाजाची घरघर, आणि हा ओरडतोय. ताई, बस झालं आता पाणी. माझ्या हातचं खाऊन खलाशी सुटले, मीच वाळलो. सोळा तारखेला उतरतो, सरळ तुझ्याकडं येतो, हाकलू नकोस. मी म्हटलं, हाकलायला आधी यावं लागतं, मेल्या! हसला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "माझी गिटार आहे ना गं?"

"आहे की! जाते कुठं?"

पटकन गेलं तोंडातून. फोन ठेवला आणि डबा तसाच झाकला.

गिटार नाही. चार वर्षं झाली, नाही.

४ मार्च, मंगळवार

नीट लिहून काढते. चौथीत शाळा सुटली तरी एवढं येतं मला. तोंडानं बोलायची सोय नाही. शेजारच्या मशीनवर जाडी बसते, आणि जाडीच्या कानात गेलं की गावात गेलं.

जाताना त्यानं ती माझ्या हातात दिली होती. साधी, प्लायवूडची, कारखान्यातून हजारांनी निघालेली. "सांभाळ गं ताई. परत आलो की पहिला हात हिलाच लावणार." आई दारात उभी होती. म्हणाली, ती भिंतीवर आहे तोवर पोरगा घरात आहे असं समजेन मी.

मी सांभाळलीही. आम्ही कारखान्यात वाद्यांच्या पिशव्याच शिवतो, गिटारच्या जास्त. मनाशी म्हटलं, दिवसभर दुसऱ्यांच्या गिटारींना कपडे शिवतेस आणि घरातली उघडी? उरल्या कापडातून तिला पिशवी शिवली. मग तारा गंजल्या म्हणून कारागिराकडं गेले. तो म्हणाला, बाई, वाजवत नसाल तर तारा सैल ठेवा, मान वाकते. बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ओल धरते. त्याच्या दुकानात कुणीतरी सोडून गेलेली एक लोंबकळत होती. ती आणली. सोबत म्हणून! आमची एकटी एकटी दिसायची.

सोबतीला सोबत करता करता नऊ झाल्या.

वाजवता एकही येत नाही. सूर तेवढे लावता येतात. नवरा कधीच निघून गेला, भिंती मोकळ्याच होत्या. जाडी म्हणते, "अगं, नवरा निदान स्वतःची धूळ स्वतः झटकतो." म्हटलं, तुझा झटकत असेल.

६ मार्च, गुरुवार

परवा सगळं लिहिलं आणि खरं तेवढं गाळलं. लाज वाटली म्हणून दिली मी ती. हो, लाज!

गिटारच्या पोटावरच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचं. थर लागले की प्लायवूड, सलग लागलं की अख्खं लाकूड. एवढंसं ज्ञान झालं आणि नाक वर गेलं माझं. त्यात थोरली आली. थोरली म्हणजे माझ्या गिटारींतली सगळ्यात जुनी. आत नाक घातलं की बंद कपाटासारखा वास, टिचकी मारली की पोटातून हुंकार देते. तिच्या शेजारी धाकट्याचं ते फळकूट बघवेना.

दातवाला एकदा बघायला आला होता. दातांचा डॉक्टर, त्यालाही हाच नाद. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "बाकी झकास. ही एक तेवढी भातातल्या खड्यासारखी." माझ्याच मनातलं बोलला! आठवड्यानं परत आला. लहानपणी अशीच होती म्हणे त्याची, ती हरवली. "ही द्या, माझी मधाच्या रंगाची घ्या." दिली. एका चहात सौदा.

नवांत घरच्या हातानं वाजलेली अशी ती एकटीच होती. बाकीच्या नुसत्या पुसलेल्या.

आई तेव्हा आतल्या खोलीत अंथरुणावर. विचारायची, त्याची दिसत नाही गं? म्हटलं, दुरुस्तीला दिलीय. वर्षभर दुरुस्तीला! आई गेली तेव्हाही गिटार दुरुस्तीलाच. धाकटा भर समुद्रात, येऊ शकला नाही. फोनवर हुंदके देत होता आणि मी म्हटलं, तुझी गिटार आहे हो, अगदी नीट आहे.

त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

८ मार्च, शनिवार

दातवाल्याकडं गेले. बाहेर माणसं गाल धरून बसलेली, आणि भिंतीवर, दात कसे घासावेत त्या चित्रांच्या मधे — ती! वरच्या टोकाचा सिगारेटचा चट्टा दारातूनच ओळखला. सोळाव्या वर्षी चोरून ओढताना धाकट्यानंच तारांत अडकवून ठेवली होती.

म्हटलं, डॉक्टर, परत द्या. तुमची मधाळी आणलीय, ही घ्या.

हातमोजे काढत हसला. "बाई, झालेला सौदा फिरवायचा नसतो. कोण म्हणालं होतं हे?"

मीच. गाण्याच्या मास्तरांना. थोरली त्यांची. लेकाकडं राहायला जायचं, तिथं जागा नाही म्हणून माझ्याकडं दिली, आणि महिन्याभरात दारात येऊन उभे. "करमत नाही हो तिच्यावाचून." उंबऱ्यातूनच सांगितलं मी, मास्तर, झालेला सौदा फिरवायचा नसतो. आत दातवाला चहा पीत होता. ऐकून ठेवलं त्यानं.

"थोरली देत असाल तर बोलू," म्हणाला.

थोरली! त्या फळकुटापायी! म्हटलं, त्यापेक्षा माझा दात काढा. तर म्हणतो, "कुठला?" खुर्चीतला माणूस आ वासलेल्या तोंडानंच हसला.

मधाळी उचलली आणि निघाले.

९ मार्च, रविवार

थोरली पुसली. दोनदा. देणार नाही. मरेपर्यंत नाही.

१२ मार्च, बुधवार

दोन दिवस शिवण उलटी पडतेय. जाडी म्हणाली, "काय गं, प्रेमात पडलीस का?" म्हटलं, खड्ड्यात पडलेय.

सुटल्यावर कारागिराकडं गेले. तीच बनावट, तोच रंग, त्याच्याकडं दोन टांगलेल्या. एक विकत घेतली. जुना फोटो दाखवला. धाकटा पायरीवर बसलाय, गिटार मांडीवर. म्हटलं, हा चट्टा, हा खालचा चेपलेला कोपरा, बोटांनी घासलेली ही जागा. एवढं करून द्या.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. फोटो बघितला, मग मला बघितलं. "कुणाला द्यायचीय?"

"भावाला."

"बाई, मोडकी नीट करून द्यायचा माझा धंदा. नवी जुनी करून नाही द्यायचो."

"शहाणपणा नका शिकवू. जमत नाही म्हणा."

"बरं, जमत नाही," म्हणाला, आणि पाठ वळवून रंधा मारायला लागला. एवढा राग आला! कशाचा, ते मला माहीत आहे.

१५ मार्च, शनिवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मीच करणार. हातात कला आहे, ती कुठं वापरायची याची अक्कल नाही एवढंच.

खिडकीपाशी चादर अंथरली, विकत आणलेली ती आडवी घेतली. कोपऱ्यावर कापड ठेवून हातोडी मारली. पहिल्या घावाला डोळे मिटले माझे. नंतर सवय झाली! चट्टा तापल्या खिळ्यानं दिला. बोटं झिजवतात तिथं सँडपेपर, त्यावर काळ्या चहाचं पाणी, मग हातानं चोळ चोळ चोळलं. तारा धाकट्याच्या जुन्या डब्यातल्या लावल्या, गंजक्या. फोटो शेजारी ठेवला तर जुळ्या बहिणी!

खूश झाले. खोटं कशाला बोलू, खूश झाले.

शेवटी भोकाच्या कडेचा रंग दाभणानं जरा खरवडत होते, तेवढ्यात दाराची बेल. दाभण सटकलं. भोकापासून खाली बोटभर लांब ओरखडा. दारात मीटर बघणारा. काय काय बोलले त्याला, बिचारा आकडा न बघताच गेला. ओरखड्यावर चहा चोळला. बुजला, पण दिसतो. फोटोत नाही तो. असो. अकरा वर्षांत कुठला ओरखडा कुठं होता, कोण मोजतंय!

१६ मार्च, रविवार

आला.

वाळलाय. कानामागं पांढरं झालंय. दारातच मिठी मारली, मसाल्याचा नि डिझेलचा वास. भिंतीकडं बघून म्हणाला, "ताई, दुकान काढलंस का?" म्हटलं, छंद आहे. म्हणाला, "वाजवतेस?" म्हटलं, नाही. "मग स्वयंपाकघरात निदान झारे टांगायचे, ढवळायला तरी आले असते." हसत होता, पण नजर भिंतीवरून फिरत होती. एक, दोन, तीन.

मी पुढं होऊन पिशवी उघडली. "ही घे. तुझी."

त्यानं घेतली. दोन्ही हातांवर आडवी धरली, लहान मूल धरतात तशी.  मान बघितली. उलटी केली, सुलटी केली. 

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "किती जपलीस गं!"

डोळे भरले होते त्याचे. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. साखर दोनदा घातली. तो तसाच प्याला.

१७ मार्च, सोमवार

सुटलं. ओळखलं नाही.

मग पहाटेच उठून भिंतीवरच्या सगळ्या पुन्हा पुसत कशाला बसले?

१९ मार्च, बुधवार

ताटाखाली ओला फडका ठेवतो. म्हटलं, हे काय? म्हणे, जहाज हललं की ताटं घसरतात. म्हटलं, माझं घर हलत नाही. म्हणाला, "बरंय."

जेवण झाल्यावर गिटार घेऊन बसला. छान वाजवतो अजून. मधेच थांबून खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा कोपरा आठवतो? जिन्यावरून माझ्या हातून सुटली होती. तू मला चपलेनं बदडलंस."

कोपरा ट्रंकेचं झाकण पडून चेपला होता. मी तिथंच होते. जिना नाही, चप्पल नाही. पण म्हटलं, अकरा वर्षं माणूस पाण्यावर, डोक्यात सरमिसळ होणारच. आपण कशाला टोकावं? आपल्याला टोकायचं तोंड आहे का?

म्हटलं, "आठवतं की! डाव्या पायातली होती."

डाव्या पायातली! मला कुणी विचारलं होतं का, पाय कुठला म्हणून?

तो "हं" म्हणाला. परत वाजवायला लागला.

२२ मार्च, शनिवार

जाडी आली होती त्याला बघायला. तिच्यासमोर माझं कौतुक! "आमच्या ताईसारखं सांभाळणारं कुणी नाही. म्हटलं सांभाळ, तर पोटच्या पोरासारखी सांभाळली." जाडी म्हणाली, हिनं? ही डबा धुवायला माझ्याकडं ढकलते.

मी खाली बघत बसले. फरशीला भेग आहे, दाराजवळ. आजच दिसली.

मग जाडीला तो चट्टा दाखवून म्हणतो, "हा आमच्या बाबांच्या विडीचा." बाबांनी जन्मात विडीला हात लावला नाही! विडी ओढणाऱ्याशेजारी बसायचे नाहीत. मी तोंड उघडलं. तो माझ्याकडंच बघत होता, सरळ. तोंड मिटलं. खारं पाणी डोक्यात गेलंय याच्या. पण कसं म्हणू, हा चट्टा तुझ्या सिगारेटचा? तोही नाही. माझ्या खिळ्याचा!

जाडी म्हणाली, "विडी वाईटच बाई." मी मान हलवली. मेलेल्या बापाच्या तोंडात विडी दिली मी.

२३ मार्च, रविवार

मास्तर राहतात त्या त्यांच्या लेकाच्या घरावरून गेले. दार बंद होतं. थांबले नाही.

२५ मार्च, मंगळवार

लिहवत नाही, तरी लिहिते.

कामावरून आले तर हा खिडकीत, गिटार मांडीवर. वाजवत नव्हता. अंगठा त्या ओरखड्यावरून खाली वर, खाली वर. भोकाखालच्या. दाभणाच्या.

म्हणाला, "हा आईचा."

मी पिशवी हातात तशीच धरून उभी.

"मी निघालो त्या दिवशी. तुला दिली, मग परत एकदा हातात घेतली. तर आईनं पुढं होऊन धरली गच्च. सोडेचना. मी ओढली, तिच्या अंगठीनं हे उमटलं. तू तिथंच होतीस की ताई. आठवतं ना?"

थांबला. माझ्याकडं बघत राहिला. किती वेळ! 

आता सांगायला हवं होतं. आत्ता! आई दारातून हललीसुद्धा नव्हती. त्या दिवशी तिच्या बोटात अंगठी नव्हती, साबणानं काढून डब्यात ठेवलेली, बोटं सुजायची म्हणून. अंत्यदर्शनालाही नव्हता बिचारा, आईचं म्हणून त्याच्याकडं काय आहे? एक ओरखडा आहे. तो मी दिलाय, मीटर बघणाऱ्याच्या बेलेवर.

"आठवतं," म्हटलं.

तो उठला, गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि बाहेर गेला. जेवायला उशिरा आला. ताटाखाली फडका घातला नाही.

२६ मार्च, बुधवार

आज माझ्याशी नीट बोलला. मीठ पुरे का, पंखा लावू का. इतकं नीट, की परक्यासारखं. मला वाटतं आईची आठवण काढून मन जड झालं असेल.

माझ्यामुळं. सगळं माझ्यामुळं.

२८ मार्च, शुक्रवार

थोरली दिली.

दुपारची रजा काढली. तारा सैल केल्या, पुसली नाही. पुसली असती तर उचलवली नसती. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, गाता वाटतं? म्हटलं, नाही, रडवते.

दातवाल्यानं थोरली दोन्ही हातांत घेतली. टिचकी मारली. ती बोलली पोटातून. मग त्यालाच कसंतरी झालं. "बाई, तोल जातोय सौद्याचा. मधाळीपण ठेवा, वर आणखी एक निवडा." म्हटलं, काही नको. ती भिंतीवरची काढून द्या. "एवढं काय आहे हो तिच्यात?" म्हटलं, प्लायवूड आहे, थर बघा की. आणि मास्तर कधी आले दारात, तर माझ्यासारखं बोलू नका. घरात घ्या, वाजवू द्या.

परत येताना बसमध्ये पिशवी उघडून बघितली. कोपरा, चट्टा, घासलेली जागा, सगळं तसंच. चार वर्षं दात ठणकणारी माणसं बघून बघून बिचारी गप्प झालेली. भोकाखाली बोट फिरवलं. गुळगुळीत. ओरखडा कुठून असणार!

म्हणजे खरी देते म्हटलं, तर त्याच्याकडून आई काढून घेते मी. खोटी ठेवते म्हटलं, तर रोज बघायचं. करून ठेवलंय काय मी हे!

पलंगाखाली ठेवलीय. तो बाजारात गेला होता, बरं झालं.

२९ मार्च, शनिवार

सांगितलं नाही. तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, "ऐक ना." तो लगेच हातातलं टाकून वळला, "बोल ताई." आणि मी म्हटलं, उद्या दळण आणशील?

"आणतो," म्हणाला.

३० मार्च, रविवार

सकाळी चहाच्या आधीच पलंगाखालची काढून त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, ही तुझी. ती मी केलेली. दाभणानं, खिळ्यानं, चहानं. आईनं काही ओढलं नव्हतं.

तो दचकला नाही. गिटारकडं बघितलंही नाही.

"उचलल्याबरोबर कळलं होतं मला, ताई. पहिल्या दिवशीच. जिना, चप्पल, बाबांची विडी, सगळं मीच रचलं. म्हटलं, एका तरी खोट्याला तू थांबवशील."

मग म्हणाला, "आईचं नाव घेतलं तेव्हा तरी."